सरांना अवघड जमेना

आमच्या वरच्या खोल्यांत जे सर भाड्याने राहायचे त्यांना तीन गोष्टी जमत नव्हत्या. सायकल चालवणं, भाजीवालीशी भाव करणं आणि एखादी गोष्ट अवघड करून सांगणं. पहिल्या दोन्हींवाचून कुणाचं अडत नाही. तिसरीवाचून सरांचं सगळं अडलं.

मी गवंडी. धुळ्यात देवपुरात फिरलात तर माझ्या हातच्या भिंती दिसतील, सरळ आहेत अजून. शाळा चौथीपर्यंत. तेव्हा कॉम्प्युटरबद्दल मी इथं जे लिहीन ते ऐकीव आहे. पण सरांची अटच ती होती, की ऐकून कळलं पाहिजे. नाही कळलं तर चूक ऐकणाऱ्याची नाही, लिहिणाऱ्याची. असं म्हणणारा शिकलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि त्यानंतरही नाही. घराचा नकाशा नाही कळला तर इंजिनिअर मलाच शिव्या द्यायचा.

तेव्हा गावात कॉम्प्युटरचे क्लास नुकते निघत होते. बाकीच्या क्लासात चपला बाहेर काढून पोरांना गार खोलीत बसवायचे. सरांकडे एकच जुना कॉम्प्युटर, त्यावर पांघरायला त्यांचा स्वतःचा पंचा, आणि पोरं सतरंजीवर. आंघोळीच्या वेळी कॉम्प्युटर उघडा पडायचा. सर शिकवायचे जावास्क्रिप्ट. ही भाषा नवी होती. बाकीचे क्लासवाले हसायचे, म्हणायचे की ही तर पडद्यावर नाव नाचवायची भाषा. सर म्हणायचे, भाषा लहान आहे, पण हिच्यात एकाचं काम दुसऱ्याच्या हातात देता येतं.

त्यांचं म्हणणं असं होतं. प्रोग्रॅम म्हणजे लहान लहान कामं. एक काम म्हणजे एक फंक्शन. त्याच्या हातात काहीतरी द्यायचं, ते आपलं काम करतं आणि झालेला माल परत देतं. आता लोक काय करतात, एकाच्या पोटात दुसरं आणि दुसऱ्याच्या पोटात तिसरं घालून लिहितात. दळ, त्याच्या कंसात वाळव, त्याच्या कंसात धू, आणि सगळ्यात आत कुठंतरी गहू. सरळ वाचत गेलं तर आधी दळण आणि शेवटी धुणं. ओट्यावर बसलेली आमची ही म्हणाली, "असं कोन करस?"

सर म्हणाले, "अगदी हेच मी कॉलेजात म्हणालो, अक्का. म्हणून त्यांनी मला पुढच्या वर्षी बोलावलं नाही."

मग सरांनी काय केलं होतं, तर एक फंक्शन आधीच लिहून ठेवलं होतं. त्याचं स्वतःचं काम काहीच नाही. खाली जी नावं दिली असतील ती वरून खाली एकामागून एक चालवायची, पहिल्याने दिलेलं दुसऱ्याच्या हातात, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या, एवढंच. म्हणजे मुकादम. हे एकदा लिहिलं की पुढचा प्रोग्रॅम वाचायचा तो असा: गहू घे. धू. वाळव. दळ.

मी म्हणालो, सर, यात शिकण्यासारखं काय आहे? सरांचा चेहरा असा फुलला की मी जणू हार घातला.

नावांच्या बाबतीत मात्र ते कडक होते. एखाद्या पोराने फंक्शनला नुसतं 'अ' किंवा 'क्ष' असं नाव दिलं तर सर त्याला दिवसभर 'क्ष' म्हणून हाक मारायचे. हाक मारली की काम कळलं पाहिजे, हे त्यांचं एक वाक्य. दुसरं वाक्य, घेतलं तर दिलं पाहिजे. आणि तिसरं, मधल्याने इकडेतिकडे हात घालायचा नाही. ही तिन्ही वाक्यं ते दूधवाल्यालाही सांगायचे. दूधवाला त्यांना वरचं माप द्यायचा बंद झाला, पण सांगणं थांबलं नाही.

सकाळची कामं आवरली की ही तांदूळ निवडायला ओट्यावर बसायची. सर कागद घेऊन खाली यायचे आणि नवा प्रोग्रॅम हिला वाचून दाखवायचे. अक्षरं इंग्रजी, पण नावं आपली. ही शाळेत गेलेली नाही. एक ओळ झाली की ही म्हणायची, "मंग?" सर पुढची वाचायचे. "मंग?" असं शेवटपर्यंत गेलं तर प्रोग्रॅम पास. मध्येच हिला डुलकी लागली तर सर गुपचूप वर जायचे आणि तो प्रोग्रॅम फाडून नवा लिहायचे. हिला झोप लागायची ती उन्हाने, की आदल्या दिवशीच्या एकादशीने, हे त्यांनी कधी विचारलं नाही. त्या उन्हाळ्यात बरेच चांगले प्रोग्रॅम वाया गेले असतील.

एकदा शेजारच्या घराचा स्लॅब होता, काम माझ्याकडे. स्लॅबच्या दिवशी खालपासून वरपर्यंत बायांची ओळ लागते. घमेलं एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जातं. घेतलं की द्यायचं, थांबायचं नाही, कारण माल घट्ट होत असतो. सर गॅलरीत दात घासत उभे होते. तोंडात राखुंडी तशीच ठेवून ते खाली पळत आले आणि ओळीसमोर हात जोडून उभे राहिले. बायांना वाटलं मास्तर बिघडला. थोड्या वेळाने सतरंजीवरची सगळी पोरं आणून त्यांनी माझ्या ओळीत मध्ये मध्ये घुसवली. माझ्या परवानगीशिवाय. पहिली घमेली नीट गेली. मग एका पोराची आत्या रस्त्याने चालली होती. त्याने घमेलं पोटाशी धरलं आणि "आत्या, कधी आलीस?" असं सुरू केलं. मागच्या बाईच्या हातात दोन घमेली, तिच्या मागचीच्या हातात दोन, आणि वर कारागीर रिकाम्या हाताने माझ्या नावाने बोंबलतोय.

सर आनंदाने ओरडले, "बघा रे, बघा, मधला बाजूला बोलला!"

मी त्यांना तिथंच बजावलं की सर, तुमची विद्या होते आहे पण माझा स्लॅब जातो आहे, ही आपली फंक्शनं घेऊन वर जा. ते गेले. राग आला नाही त्यांना. त्यांना राग आणायचा असेल तर तोही सोप्या शब्दांत आणावा लागायचा, आणि सोपं म्हटलं की ते खूश व्हायचे. त्या दिवसापासून ही मात्र फंक्शनला बाई म्हणायला लागली. हाई बाई काय घेस, ती बाई काय देस. सरांनी तोच शब्द क्लासात चालू केला. धुळ्यात जावास्क्रिप्ट शिकलेल्या काही पोरांनी पुढे पुण्याला मुलाखतीत काय उत्तरं दिली असतील, देव जाणे.

आम्हाला मूल नाही. त्यावर जास्त लिहीत नाही. पण एवढं सांगतो की सरांचं लग्न जमवायचं हे हिने मनावर घेतलं. सरांचं वय निघून चाललं होतं, घरी कुणी बघणारं नव्हतं. हिच्या नात्यातली शिंदखेड्याची एक पोरगी होती, प्राथमिक शाळेत बाई. एकदा धुळ्याला आमच्याकडे आली होती तेव्हा सरांनी जिन्यात तिला पाहिलं आणि त्यानंतर दोन दिवस त्यांचा एकही प्रोग्रॅम नीट चालला नाही. पोरीच्याही मनात होतं, हे हिने ओळखलं. अडचण बापाची. बाप ग्रामसेवक. त्याने विचारलं, मुलगा करतो काय? आता सर काय करतात हे एका शब्दात सांगणं आम्हाला जमेना. मी म्हणालो, सोपं करतो. बाप म्हणाला, ते कुठं करतो? कोणत्या खात्यात?

शेवटी बापाने एक सांगितलं. कुठंतरी कायमची नोकरी दाखवा, पोरगी देतो. नाहीतर माझ्या पोरीला स्थळं आहेत. पोरीने त्यावर जेवण सोडलं नाही की काही नाही, पण आलेल्या दोन स्थळांना चहा द्यायला ती बाहेरच आली नाही, असा निरोप हिच्याकडे आला.

त्याच वेळी जळगावच्या एका डाळ मिलच्या शेठला कॉम्प्युटरवाला माणूस ठेवायचा होता. शेठ मारवाडी, बापजाद्यापासून तुरीचा धंदा. तूर आत जाते तेव्हा एक वजन, डाळ बाहेर येते तेव्हा दुसरं. मधे खडे निघतात, तेल-पाणी लागतं, वाळवण होतं, साल जातं, तुकड्यांची चुनी निघते. किती तुरीला किती डाळ, याचा हिशेब कॉम्प्युटरने करायचा. दोघांना बोलावलं होतं, एक पुण्याहून आलेला टायवाला आणि एक आमचे सर. सर म्हणाले, अक्कांना बरोबर घेतो, त्या "मंग" म्हणाल्या की मला धीर येतो. मग मीही गेलो. एसटीत पारोळ्यापर्यंत सर हिला तोच प्रोग्रॅम वाचून दाखवत होते. पुढच्या सीटवरचा माणूस एरंडोलला उतरला तेव्हा विचारून गेला की साल काढल्यावर पुढे काय होतं.

आधी टायवाल्याचं झालं. त्याने कागदांची चळत शेठपुढे ठेवली. शेठने दोन-चार पानं उलटली आणि विचारलं, हे कसं चालतं? तो म्हणाला, ते सगळं आतल्या आत चालतं. शेठने मान डोलवली. मुनीमाने मान डोलवली. मीही डोलवली, खोटं कशाला बोलू.

मग सर उभे राहिले. एक कागद. वाचायला लागले. तूर घे. खड्याची घट काढ. तेल-पाण्याची भर घाल. ही कोपऱ्यातून म्हणाली, "मंग?" सर म्हणाले, वाळवणाची घट काढ. तेवढ्यात म्हातारे मुनीमजी आपोआप बोलून गेले, आता साल काढा. सर म्हणाले, पुढची ओळ तीच आहे. मुनीमजींनी त्याच्या पुढची सांगितली, चुनी वेगळी करा. चहा घेऊन आलेला माणूस दारातच थांबून म्हणाला, मग काय, डाळ तोला. सर म्हणाले, तोल, शेवटची ओळ. सगळे हसायला लागले. इतकं खेळीमेळीचं वातावरण मी त्या आधी फक्त जेवणावळीत पाहिलं होतं. सरांनी कॉम्प्युटरवर आकडा घालून दाखवला, उत्तर बरोबर आलं. मला वाटलं, जमलं. हिने तर माझ्याकडे बघून डोळ्यांनी साखर वाटली.

शेठने सरांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "सर, बुरा मत मानो. पण हे तर आमचे मुनीमजी तोंडानेच करतात. यासाठी माणूस कशाला ठेवायचा?"

नोकरी टायवाल्याला मिळाली.

परत येताना एसटीत ही तोंडावर पदर घेऊन बसली. सर मात्र खुशीत. मला म्हणत राहिले, नाना, त्यांना संपूर्ण कळलं, पुढची ओळ त्यांनी सांगितली, असं आयुष्यात एकदाच होतं. मी म्हणालो, सर, कळलं म्हणूनच गेलं. भिंत बांधून झाल्यावर गिलावा करतात तो भिंतीसाठी नाही, मालकासाठी. तुम्ही गिलावाच केला नाहीत.  पारोळा मागे पडल्यावर सर म्हणाले, "आता त्या शिंदखेड्याला काय सांगायचं?" तेव्हा मला कळलं की खुशी वरवरची होती. तेवढा एकच गिलावा त्यांनी केलेला मी पाहिला, आणि तोही धुळ्यापर्यंत टिकला नाही.

पण गोष्ट तिथं संपली नाही. मिलमध्ये नवं यंत्र आलं, साल कमी जायला लागलं, घट बदलली. टायवाला तोवर दुसऱ्या नोकरीवर गेला होता. त्याच्या कागदांत साल कुठं काढलं आहे हेच कुणाला सापडेना. पुण्याहून आणखी दोघे येऊन बघून गेले. शेवटी शेठची गाडी आमच्या दारात उभी राहिली. मुनीमजी आले, पाणी प्याले आणि म्हणाले, सर, नोकरी तुमची, कायमची. शेठ फक्त एक म्हणतात. दुसऱ्या मिलवाले बघायला येतात. त्यांना एका नजरेत कळेल असं नको. जरा भारी दिसू द्या. काम तेच ठेवा, फक्त वाचता येऊ नये.

ही म्हणाली, सर, हो म्हणा. मीही म्हणालो. लग्नाचा प्रश्न आहे, भिंतीवर दोन बोटं गिलावा चढवला तर भिंत पडत नाही. सर बरं म्हणाले आणि वर गेले.

त्यांनी मनापासून प्रयत्न केला, हे मी शपथेवर सांगेन. खाली येऊन मला विचारलं, नाना, अवघड करायचं म्हणजे सुरुवात कुठून करायची? मी म्हणालो, नावं बदला. 'खडे काढ'च्या जागी काहीतरी अक्षर ठेवा. त्यांनी ठेवलं. मग त्यांना राहवेना, म्हणून शेजारी बारीक अक्षरात लिहिलं की हे अक्षर म्हणजे खडे काढणं, आणि खडे का काढायचे तेही. आधी कळत नव्हतं तेवढंही आता कळायला लागलं. मग त्यांनी मुकादम काढून टाकला आणि सगळं एकाच्या पोटात एक घालून लिहिलं, दळ कंसात वाळव, त्या पद्धतीने. पण तो कागद क्लासात पोरांना दाखवला, असं का लिहू नये म्हणून. संध्याकाळपर्यंत पोरांनी तो सुधारून दिला. सर म्हणाले, पोरं चांगली तयार झाली आहेत. तिसऱ्या वेळी खरंच काहीतरी भयंकर लिहिलं असावं, कारण हिला वाचून दाखवताना त्यांचा आवाज पडला होता. पहिल्याच ओळीला हिचे डोळे मिटले. ती सोंग करत होती, मला माहीत आहे, हातातलं सूप थांबलं नव्हतं. तिला वाटलं, आता तरी हा कागद जळगावला जाईल.

सरांनी हिच्याकडे बघितलं. कागद फाडला. सवयच ती.

जळगावला जाऊन त्यांनी शेठला सांगितलं, मला जमत नाही. शेठला वाटलं पगार वाढवून मागतो आहे. दोघांचं बोलणं बराच वेळ चाललं म्हणतात, आणि शेवटपर्यंत शेठला फक्त ते 'जमत नाही' एवढंच कळलं नाही. सर जुना सोपा कागद मुनीमजींच्या हातात देऊन आले. आणि वर येऊन दोन दिवस खोलीचं दार लावून बसले. पोरं सतरंजीवर बसून निघून जायची. क्लासला दाराच्या आतून एकच वाक्य ऐकू आलं, म्हणजे एका पोराने ऐकलं, की त्या शिंदखेड्याला कळवून टाका.

मग ही उठली. कळवायचं नाही, जायचं म्हणाली. मला बरोबर घेतलं. शिंदखेड्याला ही थेट आत चुलीपाशी गेली, पोरीच्या आईकडे. मी बाहेर बापाजवळ बसलो. मी सरळ बोललो. म्हणालो, मुलगा पीत नाही, पत्ते खेळत नाही, खोटं बोलत नाही आणि त्याला नोकरी नाही. चार विटांत एक कच्ची निघाली म्हणून मी भिंत पाडत नाही.

बाप म्हणाला, "मिस्त्री, कच्ची वीट पायातली असली तर?"

मी म्हणालो, पायात मी पोरीचा पगार घालतो. तो चिडला, पण हसलाही थोडा. तेवढ्यात आतून पोरीची आई आली आणि दारातूनच म्हणाली की तारीख काढा. बाप तिच्याकडे बघत राहिला. मागे पोरगी उभी होती. ती आत गेली नाही. बापाने सुपारी फोडली.

लग्न झालं. सर नाशिकला गेले. तिथं म्हणे एका कंपनीत असं सोपं लिहिणाऱ्याला मान आहे, पगार आहे. मला हे अजून खरं वाटत नाही. इतकी वर्षं मी जातो तिथं सांगत आलो की चार विटांच्या गोष्टीवर मी सरांचं लग्न जमवलं. कामावर, लग्नात, मयतीतसुद्धा. ही ऐकायची आणि तांदूळ निवडत राहायची.

ही गेली त्याला आता वर्ष होईल. माणसं भेटायला येतात, लांबलांब बोलतात, मला अर्धं कळत नाही. आत्मा, वस्त्र, काहीतरी. सर आले ते म्हणाले, "नाना, अक्का नाहीत. वाईट झालं."  तेवढंच मला नीट कळलं.

त्यांची बायको आत गेली, चहा टाकला, बाहेर येऊन माझ्याजवळ बसली. शाळेतून रिटायर व्हायला आली आहे. बोलता बोलता मी आपली विटांची गोष्ट काढली. ती ऐकून घेतली तिने. मग हसून म्हणाली की नाना, बाबांनी त्या विटांवर मला कधीच दिलं नसतं. ते अक्कांनी केलं. आईला भीती होती की नोकरी नाही, आणि आलेली नोकरी सोडतो, असा माणूस पुढे कसा निघेल. तेव्हा अक्का काय म्हणाल्या ते मला अजून पाठ आहे.

मी म्हणालो, सांग.

ती अहिराणीतच म्हणाली, अगदी हिच्यासारखं. "मना घरमा बी असाच एक शे. त्याले काहीच दपाडता येत नही. त्याना पायी कामं जातस, मानसं तुटतस. पन इतला वरीस व्हई गयात, याना मनमा काय शे, असा माले कधी इचार करना पडना नही. पोर सुखमा राही."

चहा उतू गेला, ती आत पळाली. सर माझ्याकडे बघत नव्हते, भिंतीकडे बघत होते. मीच बांधलेली भिंत.

दपाडणं म्हणजे लपवणं. जन्मभर हिने माझ्यापासून काही लपवलं असेल तर ते एवढंच.